आधी वाचणारं प्लेबुक, मग लिहिणारं: फायरवॉलच्या सिक्युरिटी प्रोफाइलचं ऑटोमेशन

नागपूरच्या कळमना बाजारात माल घेऊन गाडी आली की गेटवर तिची नोंद होते. गाडी कुठली, माल कोणता, कोणत्या अडत्याकडे चालली. पण पोत्यात नुसतं सोयाबीन आहे की खाली माती भरली आहे, हे गेटवरच्या माणसाला कळत नाही. ते कळतं अडत्याच्या ओट्यावर, पोतं उघडून मूठभर दाणे हातावर घेतल्यावर. फायरवॉलमध्येही ही दोन कामं वेगळी असतात. सिक्युरिटी रूल म्हणजे गेट: कोण, कुठून, कुठे, कोणत्या अ‍ॅप्लिकेशनने. सिक्युरिटी प्रोफाइल म्हणजे पोतं उघडणं: आत व्हायरस आहे का, एखाद्या जुन्या त्रुटीवर हल्ला चालला आहे का, जाऊ नये अशा साइटकडे कोणी निघालं आहे का.

मी नागपुरात राहून हिंगणा, बुटीबोरी, वाडी, इतवारी अशा ठिकाणच्या कारखान्यांच्या, गोदामांच्या आणि दुकानांच्या फायरवॉल सांभाळतो. एक गोष्ट सारखी दिसते. रूल नीट लिहिलेले असतात, लायसन्सचे पैसे वेळेवर भरलेले असतात, आणि प्रोफाइलचा रकाना रिकामा असतो. म्हणजे पोतं उघडायला माणूस ठेवला, त्याचा पगारही चालू आहे, पण त्याच्याकडे एकही पोतं जात नाही. हे आळसामुळे होत नाही. पन्नास रूल आणि सहा फायरवॉल असल्या की प्रत्येक रूल उघडून सहा-सहा प्रोफाइल निवडणं हाताने होतच नाही. दोन-चार रूल सुटतात, आणि जे सुटतात तेच पुढे महागात पडतात.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. वेब स्क्रीनवरून रूल लिहिता येतात, कमिट करता येतं, पण एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने फायरवॉलशी बोलायच्या वाटेला, कधी हात लावलेला नाही, असे तुम्ही असाल असं धरून चालतो. उदाहरणं पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलची घेतो, कारण माझा हात तिच्यावर बसलेला आहे. फोर्टिगेटवर नावं बदलतात, आयपीएस सेन्सर, वेब फिल्टर, अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल अशी, पण क्रम हाच ठेवा. ऑटोमेशन अँसिबल या साधनाने करतो. त्याला लिहून दिलेली कामांची यादी म्हणजे प्लेबुक, आणि त्यातलं एकेक काम करणारा तयार तुकडा म्हणजे मॉड्यूल. मॉड्यूलची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्लेबुकमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.

पायरी १: कोणती प्रोफाइल काय करते, ते आधी समजून घ्या

अँटीव्हायरस प्रोफाइल एचटीटीपी, एफटीपी, एसएमबी, एसएमटीपी, आयमॅप, पॉप३ अशा प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळी कृती ठरवू देते. पालो आल्टोसोबत येणाऱ्या तयार ‘डिफॉल्ट’ प्रोफाइलमध्ये मेलच्या तिन्ही प्रोटोकॉलवर फक्त अलर्ट आहे, अडवणं नाही. ‘अँटीव्हायरस लावलंय’ असं म्हणून निश्चिंत होण्याआधी हे बघून घ्या.

व्हल्नरेबिलिटी प्रोटेक्शन म्हणजे त्रुटींवर होणारे हल्ले ओळखणारी प्रोफाइल. इथे एकेक सिग्नेचर, म्हणजे ओळखीच्या हल्ल्याची खूण, निवडत बसू नका, तीव्रतेनुसार नियम लिहा: क्रिटिकल, हाय आणि मीडियमवर कनेक्शन तोडा, लो आणि इन्फर्मेशनलवर सिग्नेचरची मूळ कृती राहू द्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी उघड झाली तेव्हा हा फरक दिसला. ज्यांचे नियम तीव्रतेवर होते त्यांच्याकडे नवी सिग्नेचर अपडेटमधून आली आणि लगेच कामाला लागली. ज्यांनी सिग्नेचरची यादी हाताने बांधली होती त्यांना ती यादी उघडून पुन्हा बसावं लागलं.

अँटी-स्पायवेअरमधली डीएनएस सिंकहोलची सोय नवशिक्यांच्या नजरेतून सुटते, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाची तीच आहे. आतल्या एखाद्या पीसीत घाण शिरली की तो पीसी त्या घाणीच्या मालकाचा, म्हणजे हल्लेखोराच्या सर्व्हरचा, पत्ता डीएनएसला विचारतो. पण तुमच्याकडे आतच डीएनएस सर्व्हर असेल तर फायरवॉलला दिसतं की प्रश्न त्या सर्व्हरने विचारला. खरा पीसी मागे लपून राहतो. सिंकहोल लावलं की फायरवॉल त्या प्रश्नाला खोटा पत्ता देते. पीसी त्या खोट्या पत्त्याकडे स्वतः जायला निघतो आणि ट्रॅफिक लॉगमध्ये त्याचा आयपी सापडतो. तीस पीसींच्या ऑफिसात नेमका कोणता पीसी उघडायचा, हे दोन मिनिटांत कळतं.

यूआरएल फिल्टरिंगमध्ये एक बारीक गोष्ट आहे: ‘अलाऊ’ ठेवलेल्या कॅटेगरीची यूआरएल लॉगमध्ये नोंद होत नाही. नोंद हवी असेल तर ‘अलर्ट’ ठेवा. जाऊ दोन्ही देतात, पण उद्या कोणी विचारलं की त्या दिवशी त्या पीसीवरून कुठे गेले होते, तर उत्तर फक्त अलर्टवालाच देऊ शकतो.

फाइल ब्लॉकिंग फाइलचा प्रकार बघून अडवते आणि तिला वेगळं लायसन्स लागत नाही. वाइल्डफायर अनोळखी फाइल तपासायला पाठवते. फाइल ब्लॉकिंगने एकदा मला चांगलंच शिकवलं आहे, ते पुढे येतंच.

सोबत आलेल्या ‘डिफॉल्ट’ आणि ‘स्ट्रिक्ट’ प्रोफाइल बदलता येत नाहीत. त्यांची क्लोन काढून आपल्या नावाने ठेवायची, आणि रूलला प्रोफाइल एकेक न लावता त्यांचा ग्रुप बांधून लावायचा. ग्रुप असेल तर ऑटोमेशन सोपं होतं, कारण प्रत्येक रूलमध्ये एकच नाव लिहायचं असतं.

पायरी २: पहिलं प्लेबुक फक्त वाचणारं

ऑटोमेशन म्हटलं की सगळ्यांना आधी बदल करायचा असतो. माझं ठाम मत उलटं आहे. पहिले दोन आठवडे तुमच्या प्लेबुकने फायरवॉलवर एक अक्षरही लिहू नये. हाताने केलेली चूक एका रूलपुरती राहते, प्लेबुकने केलेली चूक सहाही ठिकाणी एकाच मिनिटात पोचते. आज तिथे काय आहे हे माहीत नसताना उद्या काय असावं हे ठरवता येत नाही.

वाचण्यासाठी फार काही लागत नाही. ‘पॅनओएस एक्सपोर्ट’ मॉड्यूलने प्रत्येक फायरवॉलची चालू कॉन्फिगरेशन एक्सएमएल फाइल म्हणून उतरवा. त्या फाइलमध्ये प्रत्येक रूलखाली ‘प्रोफाइल-सेटिंग’ नावाचा भाग असतो. त्यात एकतर ग्रुपचं नाव असतं किंवा सुट्या प्रोफाइलची यादी. तो भागच नसेल तर त्या रूलवर तपासणी शून्य. पायथनच्या तीस-चाळीस ओळींत ही यादी तयार होते. मी ती सरळ एक्सेलमध्ये काढतो, कारण कारखान्याच्या मालकाला एक्सएमएल दाखवून उपयोग नाही. लाल रंगाच्या ओळी मात्र त्यांना लगेच कळतात.

यादीत या गोष्टी शोधा.

अलाऊ असलेले, चालू असलेले, पण प्रोफाइल नसलेले रूल. कामाची मुख्य यादी हीच.

डिनाय रूलवर लावलेल्या प्रोफाइल. त्यांचा काही उपयोग नाही, कारण प्रोफाइल फक्त परवानगी मिळालेल्या ट्रॅफिकवर चालते. गेटवरूनच परत पाठवलेल्या गाडीचं पोतं कोण उघडणार? धोका नाही, पण ज्याने लावल्या त्याला हा फरक माहीत नव्हता एवढं कळतं. त्याने लिहिलेले बाकी रूलही नीट बघा.

सगळ्यांत खाली असलेले दोन तयार रूल, इंट्राझोन-डिफॉल्ट आणि इंटरझोन-डिफॉल्ट. इंटरझोन अडवतो, त्यामुळे तो सुरक्षित. इंट्राझोन मात्र एकाच झोनमधल्या ट्रॅफिकला परवानगी देतो, तेही कोणत्याही प्रोफाइलशिवाय आणि लॉगशिवाय. त्याला ‘ओव्हरराइड’ करूनच त्यावर ग्रुप आणि लॉग लावता येतो. बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. १२ मे २०१७ ला खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चपासूनच उपलब्ध होता. तरी तो पसरला, कारण एका पीसीत शिरल्यावर तो ४४५ पोर्टवरून आतल्या आत शेजारच्या पीसीकडे जात होता. ज्यांच्या प्रोफाइल फक्त इंटरनेटकडच्या रूलवर होत्या त्यांच्या फायरवॉलला ही आतली धावपळ अडवायची संधीच मिळाली नाही. एकाच स्विचवरच्या दोन पीसींमधलं ट्रॅफिक फायरवॉलपर्यंत येतच नाही, तिथे प्रोफाइल काही करू शकत नाही. पण ऑफिस, मशीन शॉप आणि सर्व्हर यांचे सबनेट वेगळे केले असतील तर ते येतं, आणि तिथे ग्रुप हवाच.

शेवटी लायसन्सची मुदत आणि सिग्नेचर शेवटी कधी अपडेट झाल्या ती तारीख. ‘पॅनओएस ऑप’ मॉड्यूलने ‘शो सिस्टम इन्फो’ आणि ‘रिक्वेस्ट लायसन्स इन्फो’ या कमांड चालवल्या की दोन्ही मिळतात. थ्रेट प्रिव्हेन्शनचं लायसन्स संपलेलं असेल तर जुन्या सिग्नेचर काम करत राहतात, नव्या येत नाहीत. स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसतं, म्हणूनच ही तारीख यंत्राकडून वाचून घ्यायची.

पायरी ३: दिशा बघून ग्रुप ठरवा

इथे माझी एक चूक सांगतो. बुटीबोरीतल्या एका कारखान्याचं काम नवीनच घेतलं होतं. तपासणीत निम्म्याहून जास्त रूल उघडे, म्हणजे प्रोफाइल नसलेले, निघाले. मी सगळ्यांत कडक प्रोफाइलचा एकच ग्रुप बांधला आणि प्लेबुकने सगळ्या अलाऊ रूलना लावून टाकला. दोन दिवस काही झालं नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी हिशोब विभागातून फोन आला, ‘काऊन भाऊ, पगाराची फाइल जाऊन नाही राहिली!’

कारखान्यातून मुख्य कार्यालयात पगाराची फाइल एफटीपीने जायची, पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये. तयार ‘स्ट्रिक्ट’ फाइल ब्लॉकिंग पासवर्डवाली झिप अडवते, आणि बरोबरच आहे, कारण आत काय आहे ते तिला बघता येत नाही. माझ्या यादीत तो रूल ‘उघडा’ होता. त्यातून रोज काय जातं, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं. कारण सापडेपर्यंत बँकेची वेळ टळली आणि कामगारांचा पगार एक दिवस उशिरा झाला. महिनाअखेरीला किराणा आणि घरभाडं त्या पगारावरच अवलंबून असलेली माणसं होती ती. त्यानंतर मी दिशा ठरवल्याशिवाय आणि त्या विभागाला विचारल्याशिवाय कोणत्याही रूलला ग्रुप लावलेला नाही.

माझे ग्रुप आता चार आहेत. ‘बाहेर’ म्हणजे आतून इंटरनेटकडे जाणारं ट्रॅफिक: यूआरएल फिल्टरिंग पूर्ण, सिंकहोल चालू, फाइल ब्लॉकिंग कडक. ‘आत’ म्हणजे इंटरनेटवरून आपल्या सर्व्हरकडे येणारं: इथे व्हल्नरेबिलिटी सगळ्यांत महत्त्वाची, यूआरएल फिल्टरिंगचं काम नाही. ‘अंतर्गत’ म्हणजे झोन ते झोन: अँटीव्हायरस आणि व्हल्नरेबिलिटी कडक, फाइल ब्लॉकिंग सौम्य, कारण घरातल्या घरात एक्झी आणि झिप फिरणारच. चौथा ‘फक्त-सूचना’: सगळं बघतो, नोंदवतो, काहीच अडवत नाही. नवीन रूल आधी याच ग्रुपमध्ये जातात.

ही विभागणी माझ्या डोक्यातून आलेली नाही. पालो आल्टोचा ‘आयर्न स्किलेट’ नावाचा टेम्पलेटचा संच आहे, त्यात पहिल्या दिवशी लावायच्या प्रोफाइल याच पद्धतीने दिशेनुसार मांडल्या आहेत. शून्यापासून लिहिण्यापेक्षा तो समोर ठेवा आणि आपल्याला लागेल ते बदला.

एक छोटी पण फार उपयोगी युक्ती. ग्रुपचं नाव ‘डिफॉल्ट’ ठेवलं, इंग्रजीत सगळी लहान अक्षरं, की फायरवॉल तो ग्रुप प्रत्येक नव्या रूलला आपोआप लावते. घाईत कोणी स्क्रीनवरून रूल लिहिला तरी रकाना रिकामा राहत नाही. मी ‘फक्त-सूचना’वाल्या ग्रुपची एक प्रत याच नावाने ठेवतो.

ठरवलेलं सगळं एका यामल फाइलमध्ये, म्हणजे सहज वाचता येणाऱ्या साध्या मजकूर फाइलमध्ये, लिहा: फायरवॉलचं नाव, रूलचं नाव, ग्रुप, आणि तो रूल कोणाच्या कामाचा आहे त्या विभागाचं नाव. शेवटचा रकाना फायरवॉल वाचत नाही, पण रात्री फोन आला की तुम्ही वाचाल.

पायरी ४: साधनं जुळवा

एक जुना लॅपटॉप किंवा छोटी व्हर्च्युअल मशीन, त्यावर उबुंटू, पायथन आणि अँसिबल. विंडोजवर काम करायचं असेल तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमधून चालतं. अँसिबलसाठी फायरवॉलवर काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, ते एपीआयने बोलतं. त्यावर पालो आल्टोचं ‘पॅनओएस’ कलेक्शन टाका. हे पायथनच्या वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये करा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसऱ्या कुठल्या कामासाठी पायथनची लायब्ररी बदलाल आणि प्लेबुक बंद पडेल.

फायरवॉलवर ऑटोमेशनसाठी स्वतंत्र अ‍ॅडमिन खातं काढा. सुपरयूजर देऊ नका. कस्टम रोल बनवून त्याला एक्सएमएल एपीआयमधले कॉन्फिगरेशन, ऑपरेशनल, कमिट आणि एक्सपोर्ट एवढेच अधिकार द्या, वेब स्क्रीन आणि सीएलआय बंद ठेवा. लॉग वाचायचे असतील तर लॉगचा अधिकार. त्या खात्याने एपीआय की, म्हणजे प्रोग्रामसाठीचा पासवर्ड, तयार करा आणि की अँसिबल व्हॉल्टमध्ये, म्हणजे त्याच्या कुलूपबंद फाइलमध्ये, ठेवा. की एकदा जरी गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) गेली तरी ती फुटली असं समजून लगेच बदला, कारण फाइल पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर की पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

यामल फाइल आणि प्लेबुक गिटमध्ये ठेवा. एकटेच काम करत असलात तरी. ‘हा ग्रुप कधी बदलला आणि का’ याचं उत्तर तिथेच मिळतं.

पायरी ५: पहिला बदल, आणि त्यातले तीन खड्डे

पहिला खड्डा रूलच्या मॉड्यूलमध्ये आहे. ‘पॅनओएस सिक्युरिटी रूल’ मॉड्यूलला तुम्ही फक्त रूलचं नाव आणि ग्रुप दिला, बाकी काही दिलं नाही, तर न दिलेल्या रकान्यांत त्याची मूळ किंमत, म्हणजे ‘एनी’, बसू शकते. एका सर्व्हरपुरता असलेला रूल सगळ्यांसाठी उघडा होईल आणि वर ग्रुप लागल्यामुळे यादीत तो हिरवा दिसेल. त्यामुळे असलेल्या रूलना ग्रुप लावायला मी ‘पॅनओएस कॉन्फिग एलिमेंट’ वापरतो. त्याला त्या रूलच्या प्रोफाइल-सेटिंगचा नेमका एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएलमधला पत्ता, द्यायचा, म्हणजे बदल तेवढ्याच तुकड्यावर होतो. प्रोफाइल तयार करायलाही हेच मॉड्यूल.

दुसरा खड्डा ‘सेट’ आणि ‘एडिट’ यांच्यातला. एपीआयचं सेट असलेल्यात भर घालतं, एडिट तो भाग पूर्ण बदलून नवा ठेवतं. तुम्ही यामलमधून एखादी कॅटेगरी काढून टाकली आणि प्लेबुक सेट करत असेल, तर फायरवॉलवर ती कॅटेगरी तशीच राहते. फाइल एक सांगते, फायरवॉल दुसरंच करते. माझा नियम असा: आपल्या मालकीच्या प्रोफाइल आणि ग्रुप नेहमी एडिटने, म्हणजे फाइलमध्ये आहे तेवढंच तिथे असेल. ज्यात इतरांचंही लिखाण आहे तिथे एडिट वापरायचं तर एक्सपाथ दोनदा वाचायचा. एक पायरी वरचा एक्सपाथ दिला तर शेजारचंही सगळं पुसलं जाईल.

तिसरा खड्डा कमिटमध्ये. बदल आधी कँडिडेट कॉन्फिगरेशनमध्ये जातो, कमिट केल्यावर चालू होतो. पण त्याच वेळी तुमचा सहकारी स्क्रीनवर अर्धवट रूल लिहून जेवायला गेला असेल, तर तुमच्या कमिटबरोबर त्याचा अर्धा रूलही चालू होईल. म्हणून कमिटच्या आधी न लागलेले बदल आहेत का ते प्लेबुकनेच तपासावं, आणि ‘पॅनओएस कमिट फायरवॉल’ला अ‍ॅडमिनचं नाव देऊन फक्त ऑटोमेशनच्या खात्याचे बदल कमिट करावेत.

क्रम असा ठेवा. चालू कॉन्फिगरेशन उतरवून तारखेच्या नावाने ठेवा. प्लेबुक चेक मोडमध्ये, म्हणजे काही न बदलता, चालवा आणि काय बदलणार आहे ते ओळ न ओळ वाचा. एकाच फायरवॉलवर, एकाच रूलला, ‘फक्त-सूचना’ ग्रुप लावा. कमिट करा. लगेच प्लेबुक पुन्हा चालवा: दुसऱ्यांदा ‘चेंज्ड’ शून्य यायला हवं. येत नसेल तर तुमची फाइल आणि फायरवॉल यांचा कुठेतरी मेळ नाही. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आणि वेळ बघा. बुटीबोरी शहरापासून तीसेक किलोमीटर आहे. मे महिन्यात भर दुपारी कन्सोलची केबल घेऊन तिकडे निघायची वेळ येऊ नये, यासाठी मी कमिट संध्याकाळी, शिफ्ट बदलल्यावर करतो आणि तिथल्या एकाला फोनवर ठेवतो. महिनाअखेर, जीएसटीच्या विवरणपत्रांची २० तारीख आणि पगाराचे दिवस वर्ज्य.

पायरी ६: लॉग बघा, अपवाद लिहून ठेवा

‘फक्त-सूचना’ ग्रुप लावून किमान आठ-दहा दिवस थांबा आणि त्यात एक महिनाअखेर येऊ द्या. थ्रेट लॉगमध्ये जे येईल ते तीन ढिगांत जातं. खरोखर वाईट, त्याचा पीसी आजच उघडा. वाईट नाही पण जुनाट, जसं एखादं जुनं मशीन अजून जुन्या एसएमबीवर बोलतं. आणि चुकीची शंका, म्हणजे तुमचंच जुनं बिलिंग सॉफ्टवेअर हल्ल्यासारखं दिसतं.

शेवटच्या दोन ढिगांसाठी अपवाद लागतात, आणि अपवादांतूनच फायरवॉल पोखरली जाते. अपवाद द्यायचा तर त्या एका थ्रेट आयडीपुरता आणि त्या एका आयपीपुरता द्या. पूर्ण प्रोफाइल काढून टाकू नका. तो यामलमध्ये वेगळ्या तक्त्यात लिहा: थ्रेट आयडी, आयपी, कारण, कोणी मागितला, आणि मुदत. मुदत रिकामी असेल तर प्लेबुकने पुढे चालूच नये. मुदत संपलेला अपवाद प्लेबुकने आपोआप काढू नये, फक्त सांगावं. कारण आपोआप काढला तर पहाटे चालू असलेली लाइन बंद पडू शकते. विभागाला विचारून माणसाने काढावा.

लॉगबद्दल एक कायद्याची बाजू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आयसीटी (संगणक आणि नेटवर्क) यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात, ठरवून दिलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, मिळवलेली ठेवायची असतात. छोट्या फायरवॉलच्या डिस्कमध्ये १८० दिवस मावतील असं धरून चालू नका, लॉग सिसलॉग सर्व्हरवर, म्हणजे लॉग साठवणाऱ्या वेगळ्या यंत्रावर, पाठवा. लॉग फॉरवर्डिंग प्रोफाइल प्रत्येक रूलवर आहे का, हेही त्याच वाचणाऱ्या प्लेबुकला बघू द्या. दोन ओळींचं काम आहे.

पायरी ७: खरंच अडवतं का, करून बघा

आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. जवळजवळ सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस मानतात. ती दुसऱ्या झोनमधल्या आपल्याच वेब सर्व्हरवर ठेवा आणि साध्या एचटीटीपीने उतरवा. पीसीवरचा अँटीव्हायरस तिला आधी पकडेल आणि तुम्हाला वाटेल की फायरवॉलने पकडली. म्हणून चाचणी अँटीव्हायरस नसलेल्या लिनक्सवरून, कर्ल या कमांडने करा. अडली की थ्रेट लॉगमध्ये नोंद आली का, रूल आणि ग्रुप बरोबर आहे का, ते बघा. यूआरएल कॅटेगरींसाठी पालो आल्टोची चाचणीची पानं आहेत, ती वापरा, खऱ्या घाणेरड्या साइटवर जाऊ नका. ही चाचणीही प्लेबुकमध्येच टाका: कमिट झाला की लिनक्सवरून फाइल मागायची, मिळाली तर प्लेबुक नापास.

हीच फाइल एचटीटीपीएसने मागितली तर बहुधा आरामात मिळेल. तेव्हा घाबरू नका, आणि खूशही होऊ नका. पोत्याला कुलूप आहे. डिक्रिप्शन, म्हणजे ते कुलूप उघडणं, केल्याशिवाय अँटीव्हायरस आणि फाइल ब्लॉकिंगला एचटीटीपीएसच्या आत दिसत नाही, आणि आजचं बहुतेक वेब ट्रॅफिक एचटीटीपीएसच आहे. डिक्रिप्शन हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगतो: ते ऑटोमेशनच्या पहिल्या महिन्यात सुरू करू नका. करताना आपलं सर्टिफिकेट सगळ्या पीसींवर आधी पोचवा, क्विक प्रोटोकॉल अडवा म्हणजे ब्राउझर साध्या टीएलएसवर येतो, आणि बँका, आरोग्य, डिजिटल सहीचं टोकन लागणारी सरकारी पोर्टलं यांना वगळा. कामगाराच्या बँकेच्या पासवर्डकडे डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि मालकाने सांगितलं तरी नाही.

पायरी ८: दर सोमवारी

सगळं लागल्यावर वाचणारं प्लेबुक पुन्हा बाहेर काढा आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारं लिनक्सचं साधन) दर सोमवारी सकाळी सहाला लावा. यामल आणि फायरवॉल यांच्यात जे जे वेगळं दिसेल ते त्याने मेलने सांगावं. बदलू नये. कोणीतरी शनिवारी रात्री मशीनचा सप्लायर आला म्हणून एक रूल उघडला असेल, त्याला कारणही असेल. आधी फोन करा, मग ठरवा.

दोन-चारच्या पुढे फायरवॉल गेल्या की पॅनोरमाचा, म्हणजे सगळ्या फायरवॉल एका जागेवरून सांभाळणाऱ्या पालो आल्टोच्या यंत्रणेचा, विचार करा. तिथे प्रोफाइल आणि ग्रुप एकदाच लिहायचे आणि डिव्हाइस ग्रुपने सगळीकडे पोचवायचे. प्लेबुक तेच राहतं, फक्त फायरवॉलऐवजी पॅनोरमाशी बोलतं, आणि कमिट दोन टप्प्यांत होतं: आधी पॅनोरमावर, मग फायरवॉलकडे पुश.

माझा सोमवारचा मेल बहुधा साडेसहाच्या आत येतो. सध्या वाडीच्या गोदामाच्या नावापुढे दोन ओळी लाल आहेत: एका अपवादाची मुदत शुक्रवारी संपली, आणि एका नव्या रूलवर अजून ‘फक्त-सूचना’ ग्रुप आहे. दहा वाजता गोदाम उघडलं की तिथल्या व्यवस्थापकांना फोन करायचा आहे.